कोल्हापूर परिसरातील अभयारण्ये, संवर्धन राखीव क्षेत्रे आणि सड्यांवरील भटकंती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राधानगरी-दाजीपूर, चांदोली, पन्हाळा ते विशाळगड, गगनबावडा आणि आजरा-चंदगड या पट्ट्यात पायी भटकणारे गट, शाळा-महाविद्यालयांच्या सहलींचे आयोजक आणि वाटाडे म्हणून काम करणारे तरुण यांच्याकडून सातत्याने येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रवेशशुल्क, वेळा आणि खुल्या-बंद वाटांचा तपशील हंगामानुसार बदलत असल्याने तो संबंधित वनक्षेत्रपाल कार्यालयातूनच घ्यावा. येथे भर आहे तो नियम कशासाठी आहेत यावर.

कोल्हापूरच्या पश्चिमेकडचे सगळे जंगल एकाच नियमाखाली येते का?

नाही, आणि बहुतेक वादांचे मूळ याच गैरसमजात असते. दाजीपूरचे जंगल 1958 मध्ये गव्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि 1985 मध्ये त्याचा विस्तार होऊन आजचे 351.16 चौरस किलोमीटरचे राधानगरी वन्यजीव अभयारण्य अस्तित्वात आले. उत्तरेला चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचे गाभा क्षेत्र (आतला कडक संरक्षणाचा भाग) आणि बफर क्षेत्र (त्याभोवतीचा पट्टा) यांचे नियम वेगवेगळे आहेत. याशिवाय पन्हाळगड, विशाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड या क्षेत्रांना ‘संवर्धन राखीव’ करण्यास राज्य वन्यजीव मंडळाने 2020 च्या अखेरीस मान्यता दिली. उरलेल्या भागात साधी राखीव वने आहेत, गायराने आहेत आणि शेतकऱ्यांची मालकीची जमीनही आहे. दिवसभराच्या एकाच चालीत आपण यांपैकी तीन-चार प्रकारच्या जमिनी ओलांडतो आणि प्रत्येक ठिकाणी विचारणारा अधिकारी वेगळा असतो. त्यामुळे वाट ठरवताना पहिला प्रश्न ‘किती किलोमीटर’ हा नसून ‘जमीन कोणाच्या ताब्यात’ हा असावा.

परवानगी नेमकी कोठे लागते?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 27 नुसार अभयारण्यात विनापरवाना प्रवेश करता येत नाही. परवाना कोणत्या कारणांसाठी देता येतो हे कलम 28 मध्ये सांगितले आहे: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्या व्यक्तीशी कायदेशीर व्यवहार. राष्ट्रीय उद्यानाचे नियम याहून कडक आहेत. वासोटा किल्ला कोयना अभयारण्यात आणि प्रचितगड चांदोली राष्ट्रीय उद्यानात असल्यामुळे तेथे गडप्रेमाचे कारण सांगून परवान्यातून सूट मिळत नाही.

संवर्धन राखीव क्षेत्राची स्थिती निराळी आहे. तेथे प्रवेशाच्या परवान्याची कलम 27 मधील मुख्य अट आपोआप लागू होत नाही. मात्र वन्यप्राण्यांना डिवचणे, कचरा टाकणे, आग लावणे आणि घातक रसायने वापरणे यांवरची बंदी तेथेही लागू आहे. ‘परवाना लागत नाही म्हणजे नियमच नाहीत’ असा अर्थ काढणारे गट बरेच भेटतात. हा अर्थ चुकीचा आहे.

दाजीपूरवरून फोंडा घाटाचा रस्ता तर सर्वांना खुला आहे. मग रस्त्याच्या कडेला थांबून आत गेले तर काय बिघडले?

सार्वजनिक महामार्गावरून अभयारण्य ओलांडणाऱ्या व्यक्तीला कायद्याने सूट दिली आहे, पण ती सूट रस्त्यापुरती आहे. डांबर सोडून रानात पाऊल टाकले की आपण विनापरवाना प्रवेश करणारे ठरतो. आत मालमत्ता किंवा वहिवाट असलेल्या गावकऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. धनगरवाड्यावरचा माणूस ज्या पायवाटेने रोज जातो, ती वाट त्याच्यासाठी खुली आहे म्हणून शहरातून आलेल्या पन्नास जणांच्या गटासाठीही खुली ठरत नाही. हा भेदभाव वाटू शकतो. तो नाही, कारण एकाचे जगणे त्या वाटेवर अवलंबून आहे आणि दुसऱ्याचा रविवार.

आमचा गट लहान आहे. एवढ्याशा लोकांनी रानाचे काय नुकसान होणार?

माणसांच्या वावरामुळे नैसर्गिक जमिनीवर होणाऱ्या परिणामांचा अभ्यास अमेरिका आणि युरोपात अनेक दशके चालू आहे. त्यातून वारंवार निघालेला निष्कर्ष पहिल्यांदा ऐकताना उलटा वाटतो: न तुडवलेल्या जागेवर सर्वाधिक नुकसान सुरुवातीची थोडी पावलेच करतात. गवत मोडते, मातीचा सच्छिद्र थर दबतो, पाणी मुरायचे थांबून वाहू लागते आणि एवढे झाल्यानंतर त्याच जागेवरून आणखी शंभर जण गेले तरी नुकसान त्या प्रमाणात वाढत नाही. यावरून व्यवस्थापनाचे दोन नियम निघतात. जेथे वर्दळ आधीच आहे तेथे सर्वांनी एकाच मळलेल्या वाटेवरून, एकामागोमाग एक चालावे. आणि जेथे वाटच नाही तेथे लहान गटानेही न जाणे सर्वांत उत्तम.

आपल्याकडचे सडे या दृष्टीने विशेष नाजूक आहेत. जांभ्या दगडाच्या या पठारांवर माती काही ठिकाणी बोटभरसुद्धा नसते. पावसाळ्याचे तीन-चार महिने साचणाऱ्या उथळ पाण्यात सीतेची आसवे, गेंद आणि कीटक खाणारी दवबिंदू यांसारख्या वनस्पती उगवतात, फुलतात, बी धरतात आणि संपतात. बी तयार होण्याआधी ही रोपे चिरडली गेली, तर पुढच्या वर्षीची पेरणीच झाली नाही असे समजावे. सुटे दगड उलटून बेडूक किंवा देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा बिनपायांचा उभयचर) शोधण्याचा छंदही येथे महागात पडतो, कारण त्या दगडाखालचा ओलावा हेच त्यांचे घर असते. दगड उचललाच असेल तर तो जसा होता तसा, त्याच खाचेत ठेवावा; बाजूला टाकू नये.

मग रोज किती माणसे सोडायची हे ठरवून दिले की प्रश्न सुटत नाही का?

काही ठिकाणी सुटतो. अमेरिकेत 1964 च्या वाइल्डरनेस कायद्याखालील क्षेत्रांत परवान्यांचा कोटा ही जुनी पद्धत आहे. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातील हाफ डोम या कड्यावर सोडत काढून दिवसाला सुमारे 300 जणांनाच चढू दिले जाते. आपल्याकडे कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला 3000 पर्यटकांची मर्यादा आणि ऑनलाइन नोंदणी आली. व्याघ्र प्रकल्पांच्या बाबतीत राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या 2012 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी गाभा क्षेत्राच्या जास्तीत जास्त 20 टक्के भागातच पर्यटनाला वाव दिला.

परंतु डोकी मोजणे हे व्यवस्थापनाचे सर्वांत सोपे अंग आहे आणि म्हणूनच त्यावर जरुरीपेक्षा जास्त भर दिला जातो. अमेरिकेच्या वन सेवेतील संशोधकांनी 1985 मध्ये मांडलेली पद्धत अधिक उपयोगाची वाटते. ‘किती माणसे चालतील’ असे न विचारता ‘किती बदल आपण सहन करायला तयार आहोत’ असे त्यांनी विचारले. वाट किती रुंद होऊ द्यायची, पाणवठ्याकाठी किती उघडी माती चालेल, दिवसभरात किती गट एकमेकांना भेटले तर हरकत नाही, हे आधी लिहून ठेवायचे. दरवर्षी त्याच जागी मोजमाप करायचे. मर्यादा ओलांडली की उपाय बदलायचा. तो उपाय संख्येचा असेल, वेळेचा असेल, किंवा वाट दगडाने बांधून पक्की करण्याचाही असेल. राधानगरीच्या किंवा पन्हाळ्याच्या एखाद्या वाटेवर असे काम करायला फार खर्च येणार नाही. फीत, कॅमेरा आणि दरवर्षी त्याच जागी जाणारी दोन माणसे पुरेत.

कासचे कुंपण यासंदर्भात विसरू नये. माणसांना रोखण्यासाठी घातलेल्या जाळीने गुरांनाही रोखले. गुरे चरायची थांबल्यावर गवत माजून फुलांना जागा उरत नाही अशी तक्रार वाढत गेली आणि अखेर ते कुंपण काढण्यात आले. एका त्रासावर केलेला उपाय दुसरा त्रास उभा करू शकतो.

जुलैमधील पन्हाळा ते पावनखिंड मोहिमा बंद करायच्या का?

असे कोणीही जबाबदार माणूस म्हणणार नाही. 12 आणि 13 जुलै 1660 ची ती रात्र कोल्हापूरच्या मनात जशी आहे, तशी ती पावसातच अनुभवावी असे वाटणे स्वाभाविक आहे. अडचण आहे ती सगळ्यांनी मोजक्याच दोन-तीन शनिवार-रविवारी निघण्याची. मसाई पठार त्या दिवसांत पाण्याने निथळत असते. मधली वाट चिखलाची झाली की मागून येणारा कडेच्या गवतावरून जातो, ती कडही चिखलाची होते आणि हातभर रुंदीची पायवाट पाहता पाहता बैलगाडीच्या रस्त्याएवढी पसरते. चिखल टाळण्यासाठी बाजूने जाणे हेच वाट बिघडण्याचे मुख्य कारण आहे. चांगले बूट घालून सरळ चिखलातून चालावे. ओले तर तसेही व्हायचेच असते.

दुसरा मुद्दा शेतकऱ्यांचा आहे. पठार उतरल्यावर कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी या वाड्यांवर नेमकी त्याच दिवसांत भाताची रोपलावण चालू असते. बांधावरून शेकडो माणसे गेली की बांध फुटतो आणि खाचरातले पाणी उतरते. आयोजकांनी आधी वाडीत जाऊन कोणत्या बांधावरून जायचे हे ठरवावे, तेथे आपला माणूस उभा करावा आणि नुकसान झाले तर जागेवर भरपाई द्यावी. मुक्कामाच्या शाळेला किंवा मंदिराला दिलेली देणगी ही त्या शेतकऱ्याची भरपाई होत नाही.

तिसरे म्हणजे तारखांची वाटणी. वेगवेगळ्या संस्थांनी मे महिन्यातच एकत्र बसून जुलै-ऑगस्टमधले शनिवार-रविवार वाटून घेतले, एका दिवशी मार्गावर किती गट असावेत हे ठरवले आणि पन्हाळा व शाहूवाडीच्या प्रशासनाला कळवले, तर बाहेरून कोणी मर्यादा लादण्याची वेळच येणार नाही. महाराष्ट्राच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा मोहिमा व्यावसायिकपणे नेणाऱ्यांनी नोंदणी करणे अपेक्षित आहे. सहभागी होणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी त्याची विचारणा करावी.

पावसाळ्यात दाजीपूरचा आतला भाग बंद का ठेवतात? तेव्हाच तर जंगल खरे सुंदर असते.

कच्चे रस्ते वाहनांनी उखडतात, ओढ्यांना अचानक पाणी येते, अडकलेल्याला बाहेर काढणे अवघड होते आणि उभयचरांसह अनेक जिवांचा हा विणीचा काळ असतो. राऊतवाडीचा धबधबा पाहून परत फिरावे.

ओढ्याकाठी चूल मांडून रस्सा करता येईल का?

रविवारी मटण घेऊन रानात जाण्याची कोल्हापूरची हौस सर्वश्रुत आहे आणि तिच्याबद्दल कोणाला आकस असण्याचे कारण नाही. तथापि अभयारण्य आणि संवर्धन राखीव या दोन्ही ठिकाणी आग लावणे, पेटवणे किंवा विस्तव जळता सोडणे कलम 30 नुसार प्रतिबंधित आहे. फेब्रुवारीपासून मेपर्यंत डोंगरउतारावरचे गवत इतके वाळलेले असते की एका ठिणगीचा वणवा व्हायला वारा पुरतो. वन विभाग उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतो, म्हणजे ठरावीक पट्ट्यातले गवत आधीच जाळून किंवा कापून आगीची वाट तोडतो. पण जाळरेषेच्या आत पेटलेल्या चुलीपुढे तिचा उपयोग नसतो. अधिनियमातील 2022 च्या सुधारणेनंतर सर्वसाधारण उल्लंघनासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

रस्सा हवाच असेल तर तो पायथ्याच्या गावात, एखाद्या घरी सांगून करवून घ्यावा. चव बहुधा आपल्यापेक्षा चांगलीच असते आणि पैसे गावात राहतात. उरलेली हाडे व भात जंगलाच्या कडेला टाकू नयेत; त्यावर आधी कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

रानात शौचाची सोय नसते. काय करावे?

हा प्रश्न कोणी चारचौघांत विचारत नाही, पण खाजगीत जवळजवळ प्रत्येक आयोजक विचारतो. दाट माती असलेल्या रानात पाण्यापासून किमान 60-70 मीटर दूर, वीतभर खोल खड्डा करावा, नंतर तो मातीने पूर्ण बुजवावा आणि कागद पिशवीतून परत आणावा. सड्यावर ही पद्धत चालत नाही. तेथे माती नसल्याने काहीच कुजत नाही आणि पहिल्या सरीबरोबर सारे पाण्यात जाते. त्यामुळे सडा चढण्याआधी गावातच उरकून घ्यावे आणि मोठ्या मोहिमेसाठी मुक्कामी पुरेशी तात्पुरती शौचालये उभारावीत. ज्या आयोजकाला हे जमत नाही त्याने गटाची संख्या कमी करावी. सॅनिटरी पॅड आणि ओले रुमाल (वेट वाइप्स) कोठेही पुरू नयेत, कारण त्यांत प्लॅस्टिक असते.

हे पाणी पुढे कोठे जाते याचाही विचार करावा. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या नद्या याच डोंगरपट्ट्यातून येऊन पंचगंगेला मिळतात आणि दूधगंगेवरचे काळम्मावाडी धरणही अभयारण्याला लागूनच आहे. या धरणातून कोल्हापूरला पाणी आणणाऱ्या ज्या थेट पाईपलाईनसाठी शहराने इतकी वर्षे वाट पाहिली, तिच्या उगमाशी आपण काय सोडून येतो, हे प्रत्येक कोल्हापूरकराच्या घरच्या नळाशी संबंधित आहे.

पाळीव कुत्रा सोबत नेता येईल का?

नाही. तो हरणामागे धावेल ही भीती आहेच, पण मोठा धोका रोगांचा आहे. पाळीव आणि भटक्या कुत्र्यांकडून कॅनाइन डिस्टेम्परसारखे विषाणू रानकुत्र्यांपर्यंत पोहोचू शकतात. ही जनावरे कळपाने राहत असल्याने एकाची लागण सगळ्या कळपाला भोवते. अभयारण्याच्या पाच किलोमीटरच्या परिसरातील गुराढोरांच्या लसीकरणाची तरतूद कायद्यात आहे, ती याच प्रकारच्या काळजीपोटी. वाटेत वाडीवरचे कुत्रे मागे लागले तर त्याला बिस्कीट देऊन सोबत घेऊ नये.

गवा किंवा हत्ती समोर आला तर?

कळपातला गवा बहुधा आपली चाहूल लागताच वाट सोडतो. एकटा फिरणारा नर मात्र जागेवर उभा राहून पाहत राहतो. त्याने मान खाली घातली, फुस्कारा टाकला किंवा अंग आडवे करून दाखवले, तर तो इशारा समजून तोंड त्याच्याकडे ठेवत सावकाश मागे सरावे आणि झाडाचा आडोसा घ्यावा. आरडाओरडा करणे, दगड मारणे आणि मोबाईल पुढे करून जवळ जाणे या तीन गोष्टींनी अपघात होतात. हल्ली गवे शहराच्या वेशीपर्यंत येतात तेव्हा हेच तिन्ही प्रकार गर्दीने होताना दिसतात.

आजरा आणि चंदगड तालुक्यांत कर्नाटकातून आलेल्या हत्तींचा वावर आहे. तेथे पहाटे आणि संध्याकाळी उसाच्या फडालगतच्या वाटा टाळाव्यात आणि निघण्याआधी वनरक्षकाकडे हत्ती कोणत्या बाजूला आहे याची चौकशी करावी. हत्तीबाबत ‘सुरक्षित अंतर’ सांगण्यापेक्षा दिसताच परत फिरणे श्रेयस्कर.

तंबू, ड्रोन, स्पीकर?

अभयारण्यात मुक्काम वन विभागाने ठरवून दिलेल्या जागीच करता येतो. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नये. कड्यांवर घरटी करणारे शिकारी पक्षी त्याला शत्रू समजतात. स्पीकर नकोच. मधमाश्यांच्या कड्याजवळ धूर, उग्र अत्तर आणि गोंगाट टाळावा; आग्या मोहोळ उठल्यामुळे गडांवर माणसे जखमी झाल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

जळवा आणि गोचिडांपासून काही धोका आहे का?

जळू रक्त पिते, पण रोग देत नाही. मीठ किंवा तंबाखूचे पाणी लावून ती सोडवावी आणि जखम धुवावी. गोचिडाची गोष्ट गंभीर आहे. 1957 मध्ये कर्नाटकातील शिवमोगा जिल्ह्यात प्रथम आढळलेला माकडताप गोचिडांमार्फत पसरतो आणि 2016 मध्ये चंदगडला लागून असलेल्या दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली होती. डिसेंबर ते मे या काळात त्या बाजूच्या जंगलात पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पाचोळ्यावर बसू नये आणि मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे. रानातून आल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना कोणत्या जंगलात गेलो होतो हे आवर्जून सांगावे.

स्थानिक वाटाड्या घेणे सक्तीचे आहे का? आम्हाला जीपीएस वाचता येते.

जेथे सक्ती आहे तेथे तो घ्यावाच लागतो. जेथे नाही तेथेही घ्यावा. जीपीएस वाट दाखवते, पण कालच्या पावसाने कोणता ओढा चढला आहे, कोणत्या पाणवठ्यावर अस्वल पिलासह येत आहे किंवा कोणत्या देवराईत पादत्राणे घालून जाऊ नये, हे तिला ठाऊक नसते. दाजीपूरच्या वाटांवर काम करणाऱ्या अनेक तरुणांचे वडील आणि आजोबा याच रानात गुरे राखत असत. अभयारण्यामुळे ज्यांच्या चराईवर आणि मोळीवर बंधने आली, त्यांच्या घरात अभयारण्याचा पैसा आला नाही, तर ते रान राखण्यात त्यांनी रस का घ्यावा? मजुरी ठरवताना घासाघीस करू नये आणि एका वाटाड्यामागे दहा-बारांपेक्षा जास्त माणसे देऊ नयेत.

वाट चुकली, कोणी जखमी झाले किंवा शिकारीचा संशय आला तर कोणाला कळवावे?

वाट चुकल्याचे लक्षात येताच थांबावे. उतार धरून ओढ्यात उतरणे ही सह्याद्रीत सर्वांत धोक्याची चूक आहे, कारण ओढा पुढे कड्यावरून कोसळतो. आपत्कालीन मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108 आणि वणवा, शिकार किंवा जखमी वन्यप्राणी यांची माहिती देण्यासाठी वन विभागाचा 1926 हा निःशुल्क क्रमांक आहे. अनेक दऱ्यांत मोबाईलला रेंज नसते, म्हणून निघताना सदस्यांची नावे, वाट आणि परतण्याची वेळ लिहिलेला कागद पायथ्याच्या गावात व घरी ठेवावा, आणि परतल्यावर त्या गावात तसे सांगावे, नाहीतर रात्री उगाच शोध सुरू होतो. शिकारीचा फासा दिसला तर तो काढू किंवा हलवू नये. जागेचे छायाचित्र आणि अक्षांश-रेखांश घेऊन ते वनरक्षकाला द्यावेत आणि समाजमाध्यमांवर टाकू नयेत.